एका तिकिटाचे दोन प्रेक्षक

जांभळं आली की आमच्या सोसायटीतल्या बायका सिनेमे जास्त बघतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, असं कुणी बाहेरचा विचारेल. बदलापुरात मे महिना काढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. पडदे ओढलेले, पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय, आणि स्टेशनबाहेर बसणाऱ्या गावाकडच्या बायकांकडून सकाळीच आणलेली जांभळं मिठाच्या पाण्यात पडलेली. वाडगा मांडीवर घेऊन माणूस दुसरं करणार तरी काय?

आमचा एक ग्रुपही आहे. आठवडाभरात जो काही सिनेमा पाहिला असेल त्याबद्दल रविवारी मत लिहायचं. नवा असो, जुनापुराणा असो, मुलांनी जबरदस्तीने दाखवलेला परदेशी असो. काहीजणी नुसते तारे देतात. पाचपैकी साडेतीन देणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. अरे, आवडला की नाही आवडला ते सांगा ना, वरचा तो अर्धा तारा कुणाच्या समाधानासाठी? मी एकतर एक देते नाहीतर पाच, म्हणून माझं मत वाचायला सगळ्या टपलेल्या असतात आणि मानत मात्र कुणीच नाही. ग्रुपचा नियम एकच आहे: शेवट फोडायचा नाही. फोडला तर पुढच्या भिशीला समोसे आपल्याकडून.

हा नियम वाचला की मला हसू येतं. कारण मी ज्या घरात वाढले, तिथे शेवट सांगणं हे माझ्या बाबांचं जवळजवळ दुसरं काम होतं.

बाबा शहाडच्या एका कंपनीत होते आणि आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. मूळ गाव बदलापूरच्या पलीकडे, भातशेतीचं. सुट्टीचा दिवस बाबा तिकडे बांधावर घालवायचे. बाबांचे दोस्त लछूकाका सिंधी, त्यांचं बाबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, कॅम्प पाचमध्ये कापडाचं दुकान. त्यांचे वडील सिंधमधून हात हलवत आलेले आणि गाठोड्यातून कापड विकत विकत दुकानापर्यंत पोहोचलेले. दुपारी जेवून वडील दुकानातच आडवे व्हायचे, शटर अर्धं खाली यायचं, आणि लछूकाका तीनच्या खेळाला पळायचे. मध्यंतर होईपर्यंत वडील उठायची वेळ झालेली असायची. त्यामुळे मध्यंतरानंतर पडद्यावर काय घडतं, हे काकांनी तरुणपणी फारसं पाहिलेलंच नव्हतं. इकडे बाबांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. सायकल मारत घरी निघाले की थेटराच्या दारात पोहोचेपर्यंत नेमकं मध्यंतर झालेलं असायचं. ते क्षणभर थांबायचे, पोस्टर बघायचे आणि पुढे जायचे.

मध्यंतराला बाहेर जाणाऱ्याला डोअरकीपर पुठ्ठ्याचा एक पास द्यायचा, परत आत यायला. एके दिवशी काकांनी तो पास पोस्टर बघत उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात ठेवला. ओळख ना पाळख. म्हणाले, "जा भाऊ, बघ. पण पिक्चर छुटला की माझ्या दुकानावर यायचं आणि एंड सांगायचा." बाबा आत गेले, बघितलं, आणि शब्दाला जागून दुकानावर आले. त्यांनी शेवट सांगितला. मग काकांनी चहा मागवला आणि त्यांना सुरुवात सांगितली. असा तो सिनेमा दोघांचा मिळून पुरा झाला.

पुढे कित्येक वर्षं हे असंच चाललं. दोघांची लग्नं झाली, काकांचे वडील गेले, दुकानाची वेळ काकांच्या हातात आली, तरी वाटणी मोडली नाही. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, आता तुम्हाला कोण अडवतंय? बसा ना दोघं शेजारी आणि बघा अख्खा." बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काहीतरी वेडंवाकडं सुचवलंय.

"अख्खा बघितला तर मग बोलाचा काय?" ते म्हणाले.

या व्यवस्थेमुळे दोघांची मतं मात्र कायमची वाकडी झाली. लछूकाकांच्या मते सिनेमा ही आनंदी वस्तू. त्यात गाणी असतात, लग्नं ठरतात, कॉलेजात चेष्टामस्करी चालते, म्हातारे प्रेमळ असतात. बाबांच्या मते सिनेमा म्हणजे कोर्ट, इस्पितळ, धो धो पाऊस आणि शेवटी पोलिसांची गाडी. आमच्या घरात 'सिनेमासारखं झालं' याचा अर्थ कुणीतरी आजारी पडलं असा होता. काकांच्या घरी त्याचा अर्थ पाहुणे आले असा असणार. माणसांबद्दलही तेच. एकदा एका सिनेमातल्या मामावरून दोघांचं भांडण झालं होतं, ते चांगलं महिनाभर पुरलं. काका म्हणत होते, "अरे, देवमाणूस आहे तो! मी माझ्या डोळ्यांनी बघितला, त्याने भिकाऱ्याला चादर दिली." बाबा म्हणत होते, "तोच खुनी हाय, शेट. मी पन माज्याच डोल्यांनी बघितला." दोघंही खरं बोलत होते. मी शाळेत होते तेव्हा, आणि एका माणसाबद्दल दोन खरी मतं असू शकतात हे मी पहिल्यांदा त्या मामामुळे शिकले.

बाबा सांगताना अधेमधे चहाचा घोट घ्यायला थांबायचे. तेवढंही काकांना सहन व्हायचं नाही. ते पुढे वाकून म्हणायचे, "पोइ?" सिंधीत पोइ म्हणजे मग, त्यानंतर. बाबांबरोबर तो शब्द आमच्या घरी आला आणि राहिला. आम्ही त्याचं 'पोय' केलं. शाळेत काय झालं ते मी सांगायला लागले की आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "पोय?" लग्नानंतर सासरी पहिल्यांदा मी तसं विचारलं तेव्हा सासूबाईंना वाटलं मला पोहे हवेत.

हे सगळं मला आठवतं ते मात्र त्या काळातलं म्हणून आठवत नाही. आठवतो तो एक अलीकडचाच जांभळांचा हंगाम. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्यांना बुवापाड्यातून इकडे बदलापूरला आणलं. थेटर केव्हाच बंद पडलं होतं. काकांचं दुकान मुलं बघायला लागली होती. बाबांना बघायला म्हणून काका एकदा आले, आणि मग रोजच यायला लागले. दुपारची जेवणं आटपली की खाली रिक्षा थांबल्याचा आवाज यायचा. काकांच्या हातात पिशवी, पिशवीत पापड. त्यांच्यात पाहुण्याला आधी पापड-पाणी देतात. काका स्वतः पाहुणे असून पापड घेऊन यायचे आणि वर मलाच म्हणायचे, "पहले पापड दे सबको, बेटा, फिर पिक्चर लगा."

माझा टीव्ही मोठा आहे आणि त्यावर जगातले सगळे सिनेमे लागतात, याचं त्या दोघांना काही विशेष वाटलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. "यात इंटरवल किधर आहे?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, यात इंटरवल नसतं, सलग बघायचं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काका मला समजावल्यासारखं म्हणाले, "बेटा, इंटरवल नाही तर मग नामू आत कधी येणार?"

आणि खरोखर बाबा आत आलेच नाहीत. ते बाल्कनीत जांभळं निवडत बसले. काकांनी एकट्याने पहिला अर्धा भाग बघितला. साधारण मध्यावर मी हुकमाप्रमाणे टीव्ही थांबवला. काका उठले, बाल्कनीत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसले. बाबा काठी टेकत आत आले आणि काकांच्या जागेवर बसले. माझी मुलगी मुक्ता तेव्हा कॉलेजात होती. ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. सिनेमा संपल्यावर बाल्कनीत दोघांचा चहा झाला आणि अर्ध्याला अर्धा जोडला गेला.

त्या महिन्यात त्यांनी असे बरेच सिनेमे बघितले. माझ्या ग्रुपसाठी मी त्यांची मतं चोरायला लागले. एका गाजलेल्या नव्या सिनेमाबद्दल काका म्हणाले होते, "माणसं आहेत, घर आहे, पण कोणी जेवताना दिसला नाही. असं कसं घर?" मी ते स्वतःचं म्हणून लिहिलं आणि त्यावर फार अंगठे आले. एका जुन्या, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमाबद्दल बाबांचं मत होतं की त्यातला नायक मरायला फार वेळ घेतो आणि तोपर्यंत आपल्याला त्याचा कंटाळा येतो. तेही मी लिहिलं. त्यावर मात्र दोघीजणी ग्रुप सोडून गेल्या.

काकांच्या बोलण्यातून त्या दुपारी मला भलत्याच गोष्टी कळत गेल्या. बाबा थेटरात शिट्टी वाजवायचे. माझे बाबा! आवाज न करता जेवणारे, रेडिओ ऐकतानासुद्धा कान त्याला लावून ऐकणारे. "ऐसी शिट्टी की डोअरकीपर बॅटरी घेऊन यायचा," काका म्हणाले. बाबा लाजून जांभळाच्या बिया मोजल्यासारखं करत होते. मला वाटलं, आईबापांचा सिनेमा आपण सगळे मध्यंतरानंतरच बघतो. आपण येऊन बसतो तोवर गाणी संपलेली असतात, घराचे हप्ते आणि गुडघेदुखी सुरू झालेली असते. पहिला भाग कुणाकडून तरी ऐकावा लागतो, आणि तो सांगणारा माणूस प्रत्येकाला भेटतोच असं नाही. मला लछूकाका भेटले, हे माझं नशीब.

मग मुक्ताने एक जुना, दोन भावांचा सिनेमा शोधून काढला.

विषय काकांनीच काढला होता. कॅम्पातल्या थेटरात तो जेमतेम आठवडाभर टिकला आणि गेला. पुन्हा कुठे लागला नाही, टीव्हीवर आला नाही. मुक्ताने फोनवर शोधलं आणि किंचाळलीच. "आजोबा, हा तर कल्ट आहे! आमच्या कॉलेजात सगळे यावर बोलतात."

"कल्ट म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

मुक्ता सांगायला लागली, पण मीच मधे पडले. "काका, जो लागला होता तेव्हा कुणी बघितला नाही, आणि आता सगळे बघितला म्हणून सांगतात, तो कल्ट."

काका हसले. मग त्यांनी मला त्या सिनेमाचं सगळं सांगितलं. नदीकाठच्या गावात दोन भाऊ नाव चालवतात. पहिल्या भागात थोरल्याचं लग्न होतं, गाणी होतात, धाकटा वहिनीची थट्टा करतो. मग नावेवरूनच दोघांचं फाटतं आणि थोरला पलीकडच्या तीरावर निघून जातो. तिथे मध्यंतर. काका त्या दिवशी थेटरातून बाहेर पडले ते रडतच. कारण त्यांच्या घरात तेव्हा हेच चाललं होतं. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना ते 'अदा' म्हणायचे, दुकानावरून भांडून वेगळे झाले होते आणि कल्याणला कुठेतरी हातगाडी लावत होते. वर्ष होत आलं तरी दोघांत बोलणं नव्हतं.

"त्या दिवशी नामू आला, म्हणाला, मिळतात रे दोघं. शेवटी थोरला उस पार से आवाज देतो." काकांनी हात तोंडाशी नेऊन हाक मारून दाखवली. "विचारतो, अरे, घरी जेवायला काय आहे? बस. इतनाच डायलॉग. माफी नाही, रडारड नाही. बेटा, मी दुसऱ्या दिवशी कल्याणला गेलो. अदा गाडीवर उभा होता. मला काय बोलायचं सुचत नव्हतं. तोंडातून तेच निघालं, अदा, खाने में क्या है? तो बघत राहिला. मग डबा उघडला. भेंडी होती."

अदा परत आले. पुढे तीस-एक वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. अदा जाऊनही आता बराच काळ झाला होता. काका म्हणाले, "तो सीन मी कधी बघितला नाही. मरण्याआधी बघायचा आहे. उद्या लाव. आणि यावेळी मी उठणार नाही, अख्खा बघणार."

मी हो म्हटलं. बाबा बाल्कनीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबांचं काहीतरी बिनसलं. नाश्ता अर्धा टाकला. टीव्हीच्या मागे जाऊन वायरींकडे बघून आले. मग मला म्हणाले, "बाय, तो पिक्चर नको लावू. रद्दी हाय." मी म्हटलं, काल तर तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणाले, "माजा गुडगा दुखतंय आज." मी म्हटलं, सिनेमा बघायला गुडघा कशाला लागतो? ते जांभळांचं भांडं पुढ्यात ओढून निवडायला लागले. चांगली जांभळं टाकाऊत आणि टाकाऊ चांगल्यात चालली होती. मी शेजारी बसले.

"बाबा, काय झालंय?"

त्यांनी एक जांभूळ हातात घेतलं. "तो तसा नाय संपत."

"कसा संपतो?"

"धाकटा शोधत शोधत जातंय. थोरल्याच्या दारापर्यंत पोचतंय. थोरला आतून बघतंय, आन खिरकी लावून घेतंय. संपला. धाकटा रिकामी नाव घेऊन परत." त्यांनी हातातलं जांभूळ खाली ठेवलं. "मी त्या दिवशी दुकानावर गेलो तं शेट असा बसलेला, तोंड उतरलेला. चहा समोर निवत चाललेला. त्याला काय सांगू? खिरकी लावली म्हनून सांगू?"

"मग ते वाक्य? जेवायला काय आहे?"

"तो माजाच. आमच्या गावाला चुलतभावांचा भांडन झाला ना, तं जो पयला येल त्यानी तेवराच इचाराचा असतंय. घरात काय शिजलंय? मंग समोरचा समजतंय."

एका माणसाने एका दुपारी मित्राचं तोंड बघून एक शेवट बनवला, आणि त्या शेवटावर दुसऱ्या माणसाचं घर उभं राहिलं. आणि ते घर आता मी टीव्हीचं एक बटण दाबून हलवणार होते.

"आता त्याला वाटंल मी सगलंच शेवट बनवलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "येवरी वरसं त्यानी माज्या डोल्यांनी बघितला. त्याला वाटंल नामू खोटारडा."

"किती बनवले होते?"

"योकच." मग थोडं थांबून, "दोन-चार."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, मी काकांना सांगते, सिनेमा सापडत नाही म्हणून. बाबांनी मान हलवली. "नको. तू नको खोटा बोलू. मी बोललो तेवरा बास हाय." तेवढ्यात खाली रिक्षा थांबली.

त्या दुपारी पहिल्यांदाच दोघं शेजारी शेजारी बसले. मधे जांभळांचा वाडगा. पहिला भाग बाबांनी जन्मात पहिल्यांदा बघितला. एका गाण्याला त्यांचा पाय हलत होता. काका दर थोड्या वेळाने, "देख, आता वहिनी पाणी फेकेल, देख," असं आधीच सांगत होते आणि कुठेही चुकत नव्हते. मध्यावर मी सवयीने टीव्ही थांबवला. कुणीच उठलं नाही. काका म्हणाले, "चालू ठेव."

दुसरा भाग संथ होता. शहरातल्या गल्ल्या, धाकट्याचे फाटके जोडे, कुणाकुणाला विचारलेले पत्ते. मी पडद्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघत होते. त्यांनी हातात एक जांभूळ धरलं होतं आणि ते खायचं विसरून गेले होते. धाकटा दारापर्यंत आला. आतून थोरल्याने पाहिलं. खिडकी बंद झाली. नदी, रिकामी नाव, आणि खालून वर सरकणारी कलाकारांची नावं. बाबांच्या मुठीतून जांभळाचा रस सोफ्याच्या खोळीवर ठिबकला.

लछूकाकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"कापला," ते म्हणाले.

"काय काका?"

"एंड कापला. शेवटची रीळ नाही यात. टीव्हीवाले ऐसेच करतात, टाइम वाचवायला."

मुक्ताने तोंड उघडलं. "नाही आजोबा, हाच तर शेवट फेमस आहे, यावरच तर सगळे..." मी तिचा हात दाबला आणि तिला आतून मीठ आणायला सांगितलं. मीठ समोरच होतं. मुलगी शहाणी, ती उठली आणि दारातच उभी राहिली.

"आता हे पूर्ण कोण सांगणार?" काका म्हणाले. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून खोळीवरचा डाग अंगठ्याने पुसत होते. त्यामुळे तो आणखी पसरत होता. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, ऑपरेशन न झालेल्या. "बस, भाऊ. आज मी सांगतो. तू ऐक."

आणि काकांनी सांगितलं. धाकटा रिकामी नाव घेऊन परत येतो. संध्याकाळ होते. तो नाव बांधायला वाकतो. एवढं बोलून काका चहाचा घोट घ्यायला थांबले.

बाबांनी मान वर केली. "पोय?" त्यांनी विचारलं.

"पोइ काय, उस पार से आवाज येतो. धाकटा बघतो तर थोरला उभा. हातात पेटी."

"पोय?"

"म्हणतो, अरे, घरी जेवायला काय आहे?"

बाबा रडले. मी माझ्या बाबांना आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशी. काकांनी त्यांना रडू दिलं आणि स्वतः वाडग्यातलं एक जांभूळ मिठात बुडवून खाल्लं. "खट्टा आहे," ते म्हणाले. "ये देख के नहीं लिया तूने, बेटा." आणि मग दोघंजण त्या दिवसाच्या जांभळांवर बराच वेळ बोलत राहिले.

काकांना खरंच वाटलं का की शेवट कापलाय? यावर मी पुष्कळ विचार केलाय. ज्या माणसाने आयुष्यभर कापड विकलं त्याला कुठे कात्री लागलीय आणि कुठे नाही, हे कळणार नाही असं होत नाही. पण मी त्यांना कधी विचारलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही. त्यानंतर उरलेला हंगाम ते पुन्हा पहिल्यासारखे अर्धे-अर्धेच सिनेमे बघत राहिले.

बाबा गेल्या थंडीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. घरातली त्यांची काठी मी अजून हलवलेली नाही. सोफ्याची खोळ धुऊन धुऊन विटली तरी तो डाग आहेच, आणि मला तो जायला नकोच आहे. यंदा स्टेशनबाहेर जांभळं दिसली तेव्हा मी घेतली नाहीत. दोन दिवस तशीच पुढे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली रिक्षा थांबली. लछूकाका एकटेच जिना चढून आले, पापडाची पिशवी घेऊन. म्हणाले, "जांभळं कुठे?" मग मी चप्पल घालून खाली गेले.

सिनेमा नवा होता. मुलगी घर सोडून जाते, बाप तिला जा म्हणतो आणि मग तिची वाट बघत बसतो. मध्यावर मी टीव्ही थांबवला. काका उठले. बाल्कनीपर्यंत गेले. तिथे कुणी नव्हतं. थोडा वेळ तिथेच कठड्याला धरून उभे राहिले, मग पिशवीची घडी केली आणि म्हणाले, "मी निघतो. तू बघ पुढचा. घरी पोचलो की फोन करतो, एंड सांग मला."

मी एकटीने पुढचा भाग बघितला. चांगला केलाय. पाचपैकी पाच. शेवटी मुलगी येते, पण उशिरा येते. दाराला कुलूप असतं. ती पायरीवर बसते आणि सिनेमा संपतो. मी बराच वेळ टीव्ही बंद केला नाही.

फोन वाजला. मी सांगायला लागले. मुलगी येते, गल्लीत शिरते, दारापाशी पोहोचते. तिथे मी पाण्याचा घोट घ्यायला थांबले.

"पोइ?" काका म्हणाले.

"दार उघडं असतं, काका. बाप आतूनच विचारतो, जेवायला काय आणलंस?"

पलीकडून रस्त्यावरचा कुणाचातरी हॉर्न ऐकू आला. मग काकांनी घसा साफ केला.

"हा डायरेक्टर अच्छा आहे, बेटा," ते म्हणाले. "तुझा बाप नेहमी ह्याचेच पिक्चर बघायचा."